नाशिकरोडचा स्टॅम्प आणि बातमीतला स्टॅम्प

परवा आमच्या जिन्यात शेजारच्या वहिनींनी मला थांबवलं. हातात पेपर होता आणि बोट एका ओळीवर. कुठल्याशा बंगल्यावरच्या पार्टीत पोलिसांचा छापा, आणि जप्त मालाच्या यादीत 'एलएसडीचे स्टॅम्प'. वहिनींचे सासरे नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. देशाची पोस्टाची तिकिटं आणि मुद्रांक जिथे छापले जातात, त्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून. त्या घरात 'स्टॅम्प' हा शब्द आदराने घेतला जातो. "सर, स्टॅम्पमध्ये नशा कशी असते हो? आणि ही पोरं तो चिकटवतात तरी कुठे?" त्यांचा धाकटा बारावीनंतर पुण्याला जायचाय. विचारताना त्यांचा आवाज बारीक झाला होता.

मी इथल्या एका फार्मसी कॉलेजात बरीच वर्षं औषधशास्त्र शिकवलं. वर्गात हा विषय तासाभरात व्हायचा. जिन्यात उभ्याउभ्या तो पाच मिनिटांतही झाला नसता, म्हणून मी वहिनींना म्हटलं की लिहूनच देतो. हे तेच.

कागद फक्त वाहून नेतो

बातमीतला स्टॅम्प म्हणजे टीपकागदासारख्या कागदाचा नखाएवढा चौकोन. तो चिकटवत नाहीत, तोंडात ठेवतात. वर कसलंही रंगीत चित्र असतं. नशा त्या चित्रात नसते, कागदाच्या धाग्यांत मुरलेल्या एलएसडी या भास घडवणाऱ्या रसायनात असते.

कागदच का, याचं उत्तर मात्रेत आहे. डोकं दुखलं की आपण पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतो. एलएसडीचा परिणाम दिसायला साधारण ०.१ मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे पाच हजारपट कमी, बारीक मिठाच्या एक-दोन कणांइतकं. एवढीशी वस्तू चिमटीत येत नाही, पुडीत बांधता येत नाही, साध्या तराजूवर तोलता येत नाही. म्हणून तिला वाहून न्यायला कागद लागतो.

पण कागद काही सांगत नाही. प्रेसमधून निघणाऱ्या प्रत्येक तिकिटाचा हिशेब असतो, त्यामागे सरकारची हमी असते. या चौकोनामागे कुणीही उभं नसतं. त्यात काय मुरवलंय आणि किती, हे विकणाऱ्यालाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे. या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याचीच.

सुरुवात शेतातून होते

सिन्नर-येवल्याकडे ज्यांनी बाजरी केली आहे त्यांना अरगट माहीत असतो. फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला की कणसावर गुलाबीसर, मधासारखे चिकट थेंब दिसतात आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात. ती एक बुरशी. म्हणूनच पेरणीआधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ टाकून बियाणं बुडवायचं, वर तरंगलेलं काढून टाकायचं आणि तळाचं बी धुऊन सावलीत वाळवायचं, असा सल्ला कृषी विभाग देतो.

युरोपात या बुरशीची चुलत बहीण राय नावाच्या धान्यावर येते. मध्ययुगात ती पिठातून पोटात जायची आणि गावंच्या गावं आजारी पडायची. हातपाय जळल्यासारखे व्हायचे, काळे पडून झडायचे, झटके यायचे, भास व्हायचे. रक्तवाहिन्या आवळणारी आणि मेंदूवर चालणारी रसायनं त्या गाठींत असतात. आपल्या बाजरीच्या अरगटातली रसायनं वेगळ्या जातीची आहेत. त्याने उलट्या, चक्कर, गुंगी येते.

विषातून औषध काढायची रीत जुनीच. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना की गर्भाशय आकसावा म्हणून जे मेथर्जिनचं इंजेक्शन देतात, ते याच घराण्यातलं. अर्धशिशीवरचं अर्गोटामिनही त्याच घराण्यातलं. या सर्वांचा पाया असलेल्या लायसर्जिक आम्लावर स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. त्या आम्लाला वेगवेगळ्या शेपट्या जोडून ते नवी औषधं शोधत. १६ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांनी पंचविसावा पदार्थ बनवला. हेतू साधा होता, श्वास आणि रक्ताभिसरणाला उत्तेजन देणारं औषध. प्राण्यांवर विशेष काही दिसलं नाही, बाटली बाजूला ठेवली गेली.

पाच वर्षांनी त्यांनी तो पदार्थ पुन्हा बनवला. १६ एप्रिल १९४३ ला काम करताना त्यांना विचित्र वाटू लागलं, डोळे मिटले की रंग दिसू लागले. नकळत अंगात काहीतरी गेलं असावं, असा त्यांचा कयास. तीन दिवसांनी, १९ एप्रिलला, त्यांनी मुद्दाम ०.२५ मिलिग्रॅम घेतलं. एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. इतक्या कमी मात्रेत काय होणार, असा त्यांचा सावध हिशेब होता. प्रत्यक्षात ती मात्रा चांगलीच जास्त निघाली. महायुद्धामुळे मोटारी नव्हत्या, ते सहाय्यकाबरोबर सायकलवर घरी गेले आणि काही तास आपल्याला वेड लागतंय किंवा आपण मरतोय या भीतीत काढले. तोच हा एलएसडी. अर्धा बुरशीचा, अर्धा प्रयोगशाळेचा.

सेरोटोनिन म्हणजे 'आनंदाचं रसायन' नव्हे

हॉफमन सायकलवर बसले तेव्हा एलएसडी मेंदूत काय करतो हे सांगायला कुणाकडे शब्दच नव्हता. सेरोटोनिन १९४८ मध्ये अमेरिकेत रक्तातून वेगळं काढलं गेलं, आणि बेटी ट्वारॉग या तरुण संशोधिकेने ते मेंदूतही असल्याचं १९५३ मध्ये दाखवलं. मग लोकांच्या लक्षात आलं की एलएसडीच्या रेणूच्या पोटात सेरोटोनिनचाच सांगाडा आहे. मोठ्या वाड्यात जुनी एकखणी खोली तशीच ठेवलेली असावी, तसा. मनाच्या व्यापारांत रसायनांचा हात असतो ही कल्पना पुढे रुजली, त्यात या साम्याचा वाटा मोठा होता.

मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात सेरोटोनिनला सर्रास 'हॅपी हार्मोन' म्हणतात. मला ते पटत नाही. शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असतं, तिथे त्याचं काम अन्न पुढे ढकलणं. रक्तातल्या प्लेटलेट्स ते साठवतात आणि जखम झाली की रक्तवाहिनी आवळायला सोडतात. मेंदूत झोप, भूक, मळमळ, वेदना, मनःस्थिती असं बरंच काही त्याच्याशी बांधलेलं आहे. ते एक निरोप्या आहे. निरोप ऐकून काय करायचं, हे ऐकणाऱ्यावर.

ऐकणाऱ्याला रिसेप्टर म्हणतात. पेशीच्या भिंतीत बसवलेलं एक प्रथिन, ज्याच्या खाचेत ठरावीक आकाराचा रेणू बसला की पेशीच्या आत काम सुरू होतं. सेरोटोनिनचे असे चौदा प्रकारचे रिसेप्टर आहेत. केमोथेरपीनंतर उलटी थांबवायला जे ऑन्डान्सेट्रॉन देतात ते त्यातला एक बंद करतं. अर्धशिशीवरचं सुमाट्रिप्टान दुसरे दोन चालू करतं. निरोप्या एकच, पण स्वयंपाकघरात निरोप गेला तर चूल पेटते आणि गोठ्यात गेला तर गाय सोडली जाते.

एलएसडी यातल्या बऱ्याच दारांवर थाप मारतो, डोपामिन या दुसऱ्या निरोप्याच्या काही दारांवरही. पण भास होण्याचं मूळ एका दारात आहे. त्याचं नाव ५-एचटी२ए. मी पुढे नुसतं 'टू-ए' म्हणेन.

एकाच दाराचा दोष, हे कशावरून?

हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारायचे, आणि त्याचं उत्तर सुंदर आहे. केटान्सेरिन नावाचं औषध टू-ए च्या खाचेत जाऊन नुसतं बसून राहतं. स्वतः काही करत नाही आणि दुसऱ्याला बसू देत नाही. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आधी केटान्सेरिन दिलं, मग एलएसडी. भास, बदललेलं भान, सगळं जवळजवळ पुसलं गेलं.

त्याच अभ्यासात त्यांनी लोकांना गाणीही ऐकवली होती. काही त्यांची आवडती, काही ज्यांच्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं अशी. नुसत्या एलएसडीवर त्या परक्या गाण्यांतही लोकांना खोल अर्थ जाणवू लागला. आधी केटान्सेरिन दिल्यावर तो जाणवला नाही. माझ्या मनात हा प्रयोग कायमचा बसला आहे. एखादी गोष्ट आपल्याला महत्त्वाची वाटणं, तिच्यात अर्थ दिसणं, यातही या एका प्रथिनाचा हात आहे, असं तो सांगतो. नशेत 'मला विश्वाचं सत्य कळलं' असं पोरं का म्हणतात, त्याचा एक धागा इथे सापडतो. अर्थ सापडल्याची भावना तीव्र होते. अर्थ खरा आहे की नाही, तो प्रश्न वेगळा.

उलट्या बाजूनेही पुरावा आहे. रिस्पेरिडोन, ओलान्झापाइन ही मनोविकारांवरची औषधं टू-ए ची खाच अडवतात, आणि भास कमी करणं हे त्यांच्या कामांपैकी एक. (डोपामिनचं दारही ती अडवतात, त्यांचा मुख्य परिणाम त्यातून येतो असं मानलं जातं.)

एवढासा कण, आणि अर्धा दिवस?

रक्तातला एलएसडी साधारण तीन-चार तासांत निम्मा होतो. परिणाम मात्र आठ ते बारा तास टिकतो. हे कोडं बरीच वर्षं होतं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ब्रायन रॉथ यांच्या गटाने २०१७ मध्ये एलएसडी रिसेप्टरमध्ये बसलेला असतानाचं चित्र मिळवलं, अणूअणूची जागा दिसेल इतकं स्पष्ट. (ते टू-ए च्या जुळ्या भावाचं, टू-बी चं होतं.) त्यात दिसलं की एलएसडी खाचेत शिरला की रिसेप्टरचाच एक पदर वरून झाकणासारखा खाली येतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे दरवाजे आठवा. सेरोटोनिन म्हणजे उंबऱ्यावरून निरोप सांगून जाणारा माणूस. एलएसडी आत येतो आणि आतून कडी घालून बसतो. संशोधकांनी रिसेप्टरच्या त्या पदरात मुद्दाम बदल करून झाकण सैल केलं, तेव्हा एलएसडी लवकर बाहेर पडू लागला.

मात्रेचं कोडंही इथेच बऱ्यापैकी सुटतं. ०.१ मिलिग्रॅम आपल्याला नगण्य वाटतं, पण त्यात एकावर सतरा शून्यं द्यावीत इतके रेणू असतात. मेंदूपर्यंत त्यातला थोडाच भाग पोचतो. पण जो पोचतो तो घट्ट बसतो आणि लवकर उठत नाही.

मग आपल्याच सेरोटोनिनने भास का होत नाहीत?

कडी लागत नाही, हे एक कारण. सेरोटोनिन थेंबाथेंबाने, ठरावीक जागी सुटतं आणि लगेच परत खेचलं जातं, हे दुसरं. रेणू खाचेत कसा बसतो, हे तिसरं. पार्किन्सनच्या आजारावर वापरलेलं लिसुराइड नावाचं औषध दिसायला एलएसडीचा भाऊ, टू-ए मध्येच बसतं, तरी एलएसडीसारखे भास होत नाहीत. उंदरांवर ही तपासणी करतात. भास घडवणारा पदार्थ दिला की उंदीर ओल्या कुत्र्यासारखी मान झटकतो. एलएसडीने झटकतो, लिसुराइडने नाही. रेणू खाचेत कसा बसला यावर आत कुठली घंटा वाजते ते ठरतं.

चौथं कारण अलीकडचं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात डेव्हिड ओल्सन यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं की टू-ए रिसेप्टर पेशीच्या भिंतीत असतात तसेच पेशीच्या आतही असतात. सेरोटोनिन पेशीची तेलकट भिंत ओलांडू शकत नाही, एलएसडीसारखे रेणू ओलांडतात. चेतापेशींना नव्या फांद्या फुटणं या आतल्या रिसेप्टरवर अवलंबून असल्याचं त्यांना आढळलं. सेरोटोनिनला आत शिरायची वाट करून दिली तर त्यानेही फांद्या फुटल्या. हे फांद्यांबद्दल आहे, भासांबद्दल नाही. दोन्ही गोष्टी एकच समजू नयेत.

डोळ्यांना खोटं दिसतं म्हणजे काय होतं?

लासलगावचा कांद्याचा लिलाव पाहिला असेल. ट्रॉल्यांची रांग असते. व्यापारी येतो, वरचे चार कांदे हातात घेतो, दाबतो, पत्ती बघतो आणि अख्ख्या ट्रॉलीची बोली लावतो. तळापर्यंत उकरत कुणी बसत नाही. चार कांद्यांवरून बाकीच्या मालाचा अंदाज त्याच्या मुरलेल्या अनुभवातून येतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो.

आपला मेंदू दिवसभर हेच करतो. डोळ्यांतून जे येतं ते चार कांद्यांएवढंच. बाकीचं चित्र मेंदू अनुभवावरून भरतो. भिंत स्थिर असते, चेहऱ्याला दोन डोळे असतात, हा आवाज बाहेरचा आणि हा विचार माझा, हे सगळे मुरलेले अंदाज. मेंदूच्या वरच्या थरातल्या ज्या मोठ्या पेशी हे अंदाज खाली पाठवतात असं मानतात, नेमक्या त्यांच्यावर टू-ए रिसेप्टर दाटीने असतात. संशोधकांतला एक प्रबळ विचार असा आहे की त्या पेशी अस्ताव्यस्त चेतल्या की अंदाजांची पकड सुटते. मग भिंत श्वास घेताना दिसते, आवाजाला रंग येतो, 'मी' आणि 'बाहेर' यांमधली रेघ पुसट होते. लंडनमध्ये २० स्वयंसेवकांच्या मेंदूचे स्कॅन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एलएसडीवर असताना, डोळे मिटलेले असूनही, मेंदूचा पाहण्याचा भाग इतर भागांशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बोलत होता.

अंदाजाची पकड सुटणं कुणाला विलक्षण वाटतं, कुणाला भयंकर. त्याच माणसाला त्याच रात्री दोन्ही वाटू शकतं. पकड सुटलेल्या अवस्थेत चौथ्या मजल्याची गच्ची किंवा घाटातला रस्ता समोर असेल तर काय, हे वहिनींना मला सांगावं लागलं नाही.

"याचं व्यसन लागत नाही म्हणे"

हे अर्धं खरं आहे, आणि मुलांशी बोलताना ते नाकारू नये. दारू किंवा अफूसारखी शरीराला तलफ लागून सुटताना हाल होतात, तसं एलएसडीत सहसा होत नाही. दुसऱ्या दिवशी तीच मात्रा घेतली तर परिणाम कितीतरी कमी होतो, कारण सततच्या दणक्याने पेशी टू-ए रिसेप्टर आत ओढून घेते. काही दिवसांनी ते परत येतात. एलएसडीच्या थेट विषबाधेने मृत्यू अतिशय दुर्मिळ. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत आठ जणांनी कोकेन समजून एलएसडीची पूड ओढली. बेशुद्धी, ताप, रक्तस्राव अशा अवस्थेत ते रुग्णालयात आले, आणि आठही वाचले.

पण व्यसन लागत नाही म्हणजे इजा होत नाही, असं नाही. ज्याच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार आहे अशा मुलात तो आजार यातून उफाळू शकतो. आणि हे वय तेच, विशीच्या आसपासचं, ज्यात हे आजार एरवीही डोकं वर काढतात. काहींना नशा उतरल्यावरही महिनोन्महिने दृश्यांमागे शेपट्या, चमक, दाणे दिसत राहतात. बायपोलरसाठी लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्यांना यासोबत झटके आल्याच्या नोंदी आहेत.

'अगदी थोडं, रोज' घेण्याची टूमही हल्ली ऐकू येते. टू-बी हे दार हृदयाच्या झडपांवरही असतं. भूक कमी करणारं फेनफ्लुरामिन नावाचं औषध १९९७ मध्ये बाजारातून काढावं लागलं, कारण त्या दारावर सतत थाप बसून झडपा जाड होत होत्या. एलएसडी त्याच दारात बसतो. रोज घेण्याला औषधशास्त्राचे लोक बिचकतात ते यामुळे.

तोतया

आता कागदाकडे परत.

२००३ मध्ये बर्लिनमध्ये राल्फ हाइम या संशोधकाने टू-ए रिसेप्टरचा अभ्यास करण्यासाठी काही नवे रेणू बनवले. त्यांना एनबोम म्हणतात. हेतू शास्त्रीय होता. अशाच एका रेणूला किरणोत्सारी खूण लावून पुढे जिवंत मेंदूतले टू-ए रिसेप्टर स्कॅनवर पाहता आले. पण २०१० च्या सुमारास हे रेणू इंटरनेटवरून विकले जाऊ लागले. बनवायला स्वस्त, मात्रा एलएसडीसारखीच किरकोळ, म्हणजे कागदावर मावणारी. स्टॅम्प तोच, चित्र तेच, नावही एलएसडीच सांगायचं.

एनबोमचा बुरशीशी काही संबंध नाही. रेणूची घडण पूर्ण वेगळी. पण टू-ए ला तो प्रचंड ओढीने चिकटतो, आणि इथे औषधशास्त्रातला एक बारकावा जीव वाचवणारा किंवा घेणारा ठरतो. एलएसडी टू-ए ला चालू करतो, पण पूर्ण नाही. कितीही रेणू बसले तरी पेशीतला प्रतिसाद एका पातळीपुढे सहसा जात नाही. याला आंशिक चालक म्हणतात. गंगापूर धरणाचा दरवाजा काही फुटांवर अडकून राहावा तसं. पाणी बराच वेळ येत राहील, रामकुंडावर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला लागेल. एनबोम जातीतले रेणू दरवाजा जवळजवळ पूर्ण उघडतात. पाणी मारुतीच्या डोक्यावरून जातं. आणि टू-ए रिसेप्टर फक्त मेंदूत नाहीत, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही आहेत.

म्हणून एनबोममध्ये भासांच्या जोडीला वेगळंच चित्र दिसतं. रक्तदाब आणि नाडी चढते, ताप भडकतो, झटके येतात, स्नायू विरघळून मूत्रपिंडं बंद पडतात. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियात यातून मृत्यू झाल्याची नोंद आहे, बहुतेक तरुणांचे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये यातले तीन रेणू सर्वांत कडक यादीत टाकले. 'एलएसडीने कुणी मरत नाही' हे वाक्य इंटरनेटवर वाचून कागद तोंडात ठेवणाऱ्या मुलाला ते वाक्य त्याच्या हातातल्या कागदाबद्दल नाही, हे कळायचा काही मार्ग नसतो. चवीवरून ओळखता येतं असं पोरं एकमेकांना सांगतात. त्यावर विसंबू नये.

"परदेशात तर हे औषध म्हणून देतात"

देतात, पण संशोधनात. सँडोझने १९४७ मध्ये ते मानसोपचारासाठी 'डेलिसिड' नावाने काढलं होतं, १९६५ मध्ये बंद केलं. आता पुन्हा चाचण्या चालू आहेत. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मार्च २०२४ मध्ये सततच्या तीव्र चिंतेच्या आजारासाठी एलएसडीच्या एका औषधी रूपाला झटपट तपासणीचा दर्जा दिला. दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे. या चाचण्यांत शुद्ध पदार्थ असतो, मोजलेली मात्रा असते, मनोविकाराचा इतिहास असलेल्यांना आधीच वगळलेलं असतं आणि दिवसभर प्रशिक्षित माणूस शेजारी बसतो.

मला या संशोधनाबद्दल आशा वाटते. अडचणही दिसते. औषधाची चाचणी करताना कुणाला खरं दिलं आणि कुणाला खोटं, हे रुग्णाला कळू द्यायचं नसतं. इथे भिंत हलू लागली की रुग्णाला लगेच कळतं. मग बरं वाटलं ते रेणूने की अपेक्षेने, हे वेगळं काढणं कठीण.

कायद्यात कागदाचंही वजन

आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याखाली एलएसडी बाळगणं गुन्हा आहे. ०.००२ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण. ०.१ ग्रॅमच्या वर व्यावसायिक प्रमाण, आणि त्याला किमान १० वर्षं, कमाल २० वर्षं सक्तमजुरी. वजन करताना कागद धरायचा की नाही यावर बराच वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कागदासकट वजन धरावं असं म्हटलं. कागद रसायनापेक्षा कित्येक पटींनी जड असतो. मित्रांसाठी म्हणून जवळ ठेवलेले मोजके चौकोन मुलाला कुठे नेऊ शकतात, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

घरात असं काही झालं तर

मूल घाबरलेलं, गोंधळलेलं असेल पण ताप नाही, झटके नाहीत, तर दिवे मंद करा, आवाज कमी करा, एका माणसाने शांतपणे सोबत बसा. रागवायचं नंतर. अंग तापलं, झटका आला, दातखीळ बसली, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांना 'एलएसडी घेतलंय' असं सांगू नका, 'एलएसडी म्हणून विकलेला कागद घेतलाय' असं सांगा. नेहमीच्या लघवीच्या तपासणीत एलएसडी किंवा एनबोम सहसा दिसत नाही, त्यामुळे तपासणी कोरी आली म्हणून निश्चिंत होऊ नका. ताप उतरवणं आणि झटके थांबवणं हे तातडीचे उपचार असतात. ते नाव कळायच्या आधीच सुरू व्हावे लागतात. नंतर बोलायला कुणी हवं असेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे.

वहिनींचा शेवटचा प्रश्न

कच्चा मजकूर वाचून वहिनी संध्याकाळी आल्या. बराच वेळ मुलाबद्दलच बोलल्या. दारात चपला घालताना म्हणाल्या, "सर, मी वर्षभर एस्सिटालोप्रामची गोळी घेते. तीही सेरोटोनिनचीच ना? बंद करू का?" हे लिहा, असं त्यांनीच सांगितलं. आणखी किती जणी न विचारता गोळी बंद करतील, म्हणाल्या.

बंद करू नका. ती गोळी कुठल्याच दाराच्या खाचेत बसत नाही. सुटलेलं सेरोटोनिन परत खेचून घेणारा जो पंप असतो, त्याचा वेग ती कमी करते. निरोप्या तुमचाच, निरोप तोच, तो फक्त उंबऱ्यावर थोडा जास्त थांबतो. म्हणून भिंत हलत नाही. परिणाम दाखवायला मात्र तिला आठवडे लागतात. एकदम सोडली तर चक्कर, अस्वस्थता, विजेचा झटका बसल्यासारखं डोक्यात होणं, असा त्रास होतो. सोडायची असेल तेव्हा डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने कमी करतील. आणि सर्दी-खोकला, अंगदुखी किंवा अर्धशिशीसाठी दुसऱ्या कुणाकडे गेलात तर या गोळीचं नाव आधी सांगा. ट्रामाडोलसारखी वेदनाशामकं आणि खोकल्याची काही औषधं सेरोटोनिन वाढवतात, दोन्ही मिळून ते जास्त होऊ शकतं.

त्यांनी गोळीचं नाव एका चिठ्ठीवर माझ्याकडून लिहून घेतलं आणि चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवली.